मोतीबाईंची मिश्री

"आ कर. अजून मोठा," म्हणत मोतीबाईंनी हिरूच्या तोंडात बॅटरीचा उजेड पाडला. डॉक्टर वाकून बघू लागले. गालाच्या आत, दाढेपाशी पांढरा चट्टा होता आणि मध्ये लाल झालेलं.

"मिश्री किती वर्षं लावता?"

"वीसेक झाली असतील."

"मुंबईला जायला हवं. तुकडा काढून तपासतील."

"मी नाय जायाची," हिरूनं पदर तोंडावर घेतला. "दुखत नाय काय नाय."

खालापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या ओसरीवर अठ्ठ्याहत्तर साली तोंडाच्या कॅन्सरचं हे तपासणी शिबिर भरलं होतं. मोतीबाई या भागात बावीस वर्षं नर्स. सकाळीच त्यांनी बायकांना मिश्रीचे तोटे घडाघडा सांगितले होते, आणि त्याआधी शाळेमागे उभं राहून भाजलेल्या तंबाखूची चिमूटभर मिश्री दातांना लावली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. डॉक्टरही चहानंतर जीपच्या आडोशाला सिगारेट ओढून आले होते. ते भाषण आपल्यासाठी आहे असं आरोग्य खात्यात कुणालाच वाटत नसे.

"जाऊन ये गं. लवकर कळलं तर बरं होतं," मोतीबाई म्हणाल्या.

"बाई, थोरल्याच्या वक्ताला माजी दाढ ठणकत व्हती. तवा मिश्री तुमीच दिल्ती ना?"

दिली होती. सातव्या महिन्याची हिरू रडत आली होती आणि सरकारी पेटीत दाढेचं औषध नव्हतं. मोतीबाईंनी आपल्या डबीतली मिश्री स्वतःच्या बोटानं तिच्या दाढेला चोळली होती. ठणका थांबला. मग गावोगाव कितीजणींना त्यांनी हाच उपाय सांगितला, तोही मोठ्या अभिमानानं. आता त्यांना त्याची भयंकर लाज वाटली.

"दिली होती. चुकलं माझं, हिरू."

"मंग तुमचं तोंड बगितलं का कुनी?"

कुणीच बघितलं नव्हतं. सहा महिने तिखट सोसत नव्हतं, म्हणून त्यांनी भाजीत मिरची घालणं सोडलं होतं. सकाळपासून तीस तोंडांत उजेड पाडला, पण घरच्या आरशासमोर आ करायचा त्यांना धीर होत नव्हता.

"तुमी दावा. तरच मी जाते."

रांगेतल्या बायका माना उंचावून बघू लागल्या. डॉक्टर अवघडले. "अहो, बाईंचं नंतर बघू."

"नको, साहेब. आत्ताच बघा."

मोतीबाईंनी कडेला जाऊन चूळ भरली. पाणी काळपट पडलं. मग त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी आ केला. डॉक्टरांनी एक गाल बघितला, दुसरा बघितला, पुन्हा पहिला बघितला. मग ते टेबलाशी गेले आणि मुंबईच्या इस्पितळासाठी दोन चिठ्ठ्या लिहून घेऊन आले.

हिरूला वाचता येत नव्हतं. "यातली माजी कंची, बाई?"

मोतीबाईंनी दोन्ही वाचल्या. नाव सोडलं तर मजकूर एकच होता.

"ही तुझी," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी कर्जत स्टेशनावर ये. सोबतच जाऊ."