पिण्यास योग्य

पाणीपुरवठा खात्याच्या सचिवांनी ग्लास उचलला, कॅमेऱ्यांकडे बघत दोन मोठे घोट घेतले आणि रुमालानं ओठ टिपले.

"पाणी पिण्यास योग्य आहे. कृपया अफवांवर विश्वास ठेवू नका."

ग्लासातलं पाणी सीलबंद बाटलीतलं होतं. ते फक्त त्यांना आणि ग्लास भरणाऱ्या शिपायाला ठाऊक होतं.

खोलीत येऊन दार लोटल्यावरही ते उभेच राहिले. वरच्या अंगाला नदीत कारखान्याचं सांडपाणी मिसळलंय आणि पूर्वेकडच्या वस्त्यांना तेच जातंय, असं प्रयोगशाळेनं त्यांना कालच सांगितलं होतं. पण उद्या मंत्री नव्या जलशुद्धीकरण केंद्राचं उद्घाटन करणार होते. "एवढा कार्यक्रम निभावून न्या," मंत्री म्हणाले होते, आणि निभावून नेण्यात सचिवांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सरकारं आली नि गेली. साहेबांच्या डोक्यावरचा बर्फ आणि जिभेवरची साखर काही हलली नाही, अशी खात्यात थट्टा चाले. उमेदीच्या दिवसांत त्यांनी एकदा एका पुढाऱ्याला तोंडावर नाही म्हटलं होतं. मग बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन आडगावी दिवस काढले. तिथून परतले ते मान डोलवायला शिकूनच.

फोन वाजला. मुलगी होती. लग्न झाल्यापासून ती पूर्वेकडेच राहायची.

"बाबा, आत्ताच टीव्हीवर बघितलं तुम्हाला. जीव भांड्यात पडला बघा. कालपासून छोटीला विकतचं पाणी पाजतेय. आता नळाचं द्यायला हरकत नाही ना?"

सचिवांनी टेबलाची कड धरली.

"देऊ नकोस."

"म्हणजे? उकळून देऊ?"

"उकळूनही नको. भांडीसुद्धा धुऊ नकोस त्यात."



"शेजारच्या काकूंना मी मघाशीच सांगून बसले, आमचे बाबा म्हणतायत म्हणजे खरंच असणार. त्यांना आता काय सांगू?"

"तुला सांगितलं तेच सांग."

"आणि त्यांनी बिल्डिंगभर केलं तर?"

"करू दे."

त्यांनी फोन ठेवला आणि लगेच पुन्हा उचलला. मंत्र्यांच्या कानावर न घालता त्यांनी थेट पंपिंग स्टेशनच्या इंजिनिअरला गाठलं.

"पूर्वेचा पुरवठा आत्ताच्या आत्ता बंद करा. लेखी आदेश मागाहून पाठवतो."

"साहेब..." इंजिनिअर चाचरला. "तो आम्ही सकाळीच बंद केलाय. लोकांच्या टाक्यांत अजून आहे, म्हणून बोंब झाली नाही."

"आणि मला कळवलं नाहीत?"

"कळवलं असतं, तर तुम्ही परत चालू करायला लावलं असतं."

सचिव हळूच खुर्चीत टेकले. व्हरांड्यात कुणीतरी मोठ्यानं हसत चाललं होतं.

"हो," ते म्हणाले. "लावलं असतं. आता मात्र बंदच ठेवा. कुणी विचारलं, तर माझं नाव सांगा."

"बरं." पण इंजिनिअरनं फोन ठेवला नाही. "साहेब, राग मानू नका. उद्या तुम्हालाच विचारलं, तर तुम्हीही स्वतःचंच नाव सांगाल ना?"

सचिवांनी घंटी दाबली. शिपाई दारात आला.

"पत्रकार फाटकाबाहेर पडले नसतील, तर थांबव त्यांना. मी खाली येतोय."

फोन त्यांनी तसाच चालू ठेवला होता.