वेंडेलचं हरीण

माझ्या नवऱ्याला, हॉबर्टला, गाडीनं उडवून पळालेला माणूस पोलीस शोधून देणार नाहीत, तो मला गोष्टीतच सापडेल, हे मी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. कारण तो रस्ता. माँटानातल्या त्या तळ्याकडे जाणारा खडीचा रस्ता पुढे कुठेच जात नाही. तिथे जातो तो तंबूवाला नाहीतर ट्रेलरवाला, म्हणजे आमच्यापैकीच कुणीतरी. आणि आमच्या जमातीचा माणूस एक वेळ पाप पोटात ठेवेल, पण प्रवासात घडलेली गोष्ट ठेवू शकत नाही. आज ना उद्या, कुठल्यातरी तळावर, खुर्च्यांच्या रिंगणात बसून तो ती सांगणारच. आडवळणानं सांगेल, माणसाच्या जागी जनावर घालेल, पण सांगेल.

म्हणून मी ओगलाला गावातलं आमचं घर विकलं, ट्रेलर ठेवला आणि पाच वर्षं ऐकत फिरले. उन्हाळ्यात वायोमिंग, आयडाहो. हिवाळ्यात न्यू मेक्सिको, अॅरिझोना. बरोबर फक्त ट्रक, आणि ट्रकच्या सीटखाली चाकाचे नट खोलायचा लोखंडी पाना. हाताला तो कुठे लागतो हे मी डोळे मिटून सांगू शकत होते.

तिथल्या शेरीफनं मला एकच गोष्ट बजावली होती. "अर्लीनबाई, धडक देणारा थांबला होता. त्यानं तुमच्या नवऱ्याला ओढत पाइनच्या झाडाखाली नेलं आणि त्यांचीच टोपी त्यांच्या तोंडावर ठेवली. हे फक्त तुम्हाला, मला आणि त्याला माहीत आहे. टोपीचं कुणापाशी बोलू नका. जो टोपीचं बोलेल तो आपला माणूस." डॉक्टर म्हणाला, टोपीखाली हॉबर्ट दोन तास तरी जिवंत होता. दोन तास! जवळच्या तळावर कुणी नुसतं सांगितलं असतं तरी तो वाचला असता. हा विचार मनात आला की माझ्या अंगाची लाहीलाही होते, आजही.

गेल्या जानेवारीत आम्ही साठसत्तर ट्रेलर अॅरिझोनाच्या वाळवंटात उतरलो होतो. दुपारी चारला बैठक. ज्यानं त्यानं आपापली खुर्ची आणि आपापला मग आणायचा. बैठक चालवायची बर्नीस. मिनेसोटात तीस वर्षं शाळेची बस हाकलेली बाई, तिच्यापुढे कोण चूं करणार? तिचा नियम एकच होता.

"सूर्यास्त सांगायचे नाहीत. इंद्रधनुष्य नको, नातवंडांचे फोटो नकोत. काय फुटलं, काय मोडलं, कुणी कुणाला हाणलं, तेवढं सांगा. बाकीचं घरी पत्रात लिहा."

त्या दिवशी बैठक रंगली होती. टेक्सासच्या एका बुटक्यानं सांगितलं, जॅक निसटला आणि ट्रेलरची दांडी हातावर आली. दोन बोटं तुटून पडली, ती शेजाऱ्याच्या कुत्र्यानं उचलली.

"मग?" बर्नीसनं विचारलं.

"मग काय, कुत्र्यामागे धावलो."

"मिळाली?"

"एक मिळालं."

लोक हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. मग ऑरेगनची एक बाई उठली. शेजारचा रात्रंदिवस जनरेटर चालवायचा. ही भांडायला गेली तर त्यानं फावडं उगारलं, हिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. हिनं चुलीवरचं तापलेलं तेल कढईसकट त्याच्या पाठीवर ओतलं.

"तुरुंगात गेला की नाही मेला?"

"छे गं. हा काय, इथं बसलाय. लग्न केलं मी त्याच्याशी."

त्यानं उठून शर्ट वर केला आणि पाठ दाखवली. टाळ्या पडल्या.

"आता मुका पाहुणा," बर्नीस म्हणाली. "ऊठ वेंडेल. आठ दिवस फुकटची कॉफी ढोसतोयस. एक तरी हाण."

वेंडेल ओहायोचा. सत्तरीकडे झुकलेला, नवा कोरा ट्रेलर, पांढरेशुभ्र बूट. एकटाच असायचा. तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"वायोमिंगातली गोष्ट आहे," तो म्हणाला. "तळ्याकडे जायचा खडीचा रस्ता. ऊन उतरलेलं. वळणावर एकदम समोर आलं. हरीण. चांगलं मोठं, नर. ब्रेक मारला, पण खडीवर गाडी थांबते होय? धाडकन बसलं. बॉनेटवरून उडून मागे पडलं."

"मेलं?"

"तेच तर. मेलं नव्हतं. उतरून बघतो तर कंबरेखाली सगळं मोडलेलं, आणि पुढचे पाय मात्र चालताहेत. नाकातून रक्ताचे बुडबुडे. बंदूक नव्हती माझ्याकडे. ओढत कडेला नेलं, पाइनच्या झाडाखाली. ते बघतच होतं हो माझ्याकडे. ती नजर काही मला सोसवेना. मग टोपी काढली, त्याच्या तोंडावर ठेवली, आणि गाडीत बसलो."

"हरणाला टोपी!" बुटका ओरडला. "मापाची होती का रे?"

सगळे खदखदून हसले. वेंडेलही हसला, लाजल्यासारखा, आणि कधी नव्हे ते त्यानं मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. मीही हसले. नंतर मी कॉफी संपवली, माझा मग विसळला, खुर्ची मिटली आणि ट्रेलरमध्ये जाऊन उशीत तोंड खुपसून ओरडले. मिळाला होता. पाच वर्षांनी, पांढरे बूट घालून, माझ्यापासून सहा खुर्च्यांवर.

पोलिसांना कळवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. कळवायचं होतं कुणाला!

सकाळी सातला तो पाण्याचे रिकामे कॅन घेऊन गावाकडे निघाला. मी मागोमाग निघाले. अकरा मैल कच्चा रस्ता, मध्ये कोरडा ओढा. ओढ्याच्या उतारावर मी त्याला मागे टाकलं आणि ट्रक आडवा घातला.

तो हसत खाली उतरला. "काय झालं अर्लीनबाई? टायर बसला का?"

मी पाना त्याच्या गुडघ्यावर घातला. जो आवाज झाला तो लोखंडाचा नव्हता. पाय उलट्या बाजूला वळला आणि तो बसकण मारून खाली आला. ओरडला नाही. तोंड उघडं ठेवून नुसता माझ्याकडे बघत राहिला, चुकून लागलं असावं असं वाटून.

"टोपी का ठेवलीस?" मी विचारलं.

"कसली... अहो, काय करताय?"

त्यानं हात पुढे केला. मी हातावर मारलं. मनगटातून हाड वर आलं, पांढरं, बोटभर. आता तो ओरडला. मी पुन्हा विचारलं, त्यानं नुसतं 'नाही नाही' केलं, तेव्हा मी तोंडावर मारलं. ओठ फाटला आणि दोन दात त्याच्या शर्टावर पडले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. पाच वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. आणखी मारायचं होतं मला. सावकाश, दोन तास.

"दोन तास जिवंत होता तो! तळ अर्ध्या मैलावर होता. तुला चार पावलं गाडी पुढे नेववली नाही? मुडद्या, दोन तास!"

"हरीण नव्हतं," तो म्हणाला. रक्तामुळे शब्द नीट येत नव्हते.

"ठाऊक आहे मला हरीण नव्हतं!"

"तुमची आहे... तुमचीच गोष्ट आहे ती. तुम्हीच सांगितलीत."

"मी टोपीचं कुणालाही सांगितलेलं नाही. कधीच नाही."

"सांगितलंत." त्यानं चांगला हात वर धरून डोकं झाकलं होतं. "न्यू मेक्सिकोत, गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी. दोन वर्षांपूर्वी, याच महिन्यात. तुमच्या मिस्टरांचा वाढदिवस होता. तुम्ही पीत होतात. बाकीचे उठून गेले, मी आणि माझी बायको मागे बसलो होतो. ग्लेनानं तुमच्या अंगावर पांघरूण घातलं. हिरवं. लोकरीचं."

ते पांघरूण अजून माझ्या ट्रेलरमध्ये आहे. सकाळी खुर्चीत जाग आली तेव्हा ते अंगावर होतं, आणि आदल्या संध्याकाळचं मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. कुणाचं आहे म्हणून मी तळभर विचारत फिरले होते. दोन ट्रेलर पहाटेच निघून गेले होते.

"ते कुणीही बघितलं असेल," मी म्हणाले. पाना वरच होता. "तू खोटं बोलतोयस."

"मग आणखी सांगू?"

"सांग."

"तुम्ही म्हणालात, ते फिरायला गेले नव्हते. ट्रेलर मागे घेताना त्यांनी तो झाडाला ठोकला. तुम्ही सगळ्या तळासमोर त्यांना आंधळा म्हणालात. ते चालू लागले, तर तुम्ही मागून ओरडलात, जा, मर कुठेतरी. आणि मग आत बसून पत्ते लावलेत. तिन्हीसांज झाली, काळोख पडला, शेजारीण विचारायला आली, बॅटरी घेऊन बघून येऊ या का. तुम्ही म्हणालात, येईल झक मारत."

माझा हात खाली आला. हे मी शेरीफला सांगितलं नव्हतं. माझ्या बहिणीला सांगितलं नव्हतं. देवाला सांगितलं नव्हतं, कारण त्याच्याशी मी तेव्हापासून बोलतच नाही. सगळ्यांना मी सांगत आले, हॉबर्टला पाय मोकळे करायची सवय होती.

"मग तू ती आपली म्हणून का सांगितलीस?" मी विचारलं.

"माझ्याकडे नाही ना एकही." तो आता रडत होता, पोरासारखा नाही, म्हाताऱ्यासारखा, आवाज न करता. "अडतीस वर्षं मी बर्फाच्या गोदामात पेट्या उचलल्या. ट्रेलर घेतला आणि वर्षाच्या आत ग्लेना गेली. कुठे काही घडलंच नाही माझं. बर्नीस रोज म्हणायची, बोल, बोल. सगळेच एकमेकांच्या उचलतात, अर्लीनबाई. तो बोटांचा किस्सा मी तीन तळांवर ऐकलाय, तीन वेगळ्या माणसांकडून. कुणाला वाईट वाटू नये म्हणून मी माणसाचं हरीण केलं, माँटानाचं वायोमिंग केलं. त्या बाई तुम्हीच, हे मला ओळखू आलं नाही. तेव्हा तुमचे केस लांब होते."

मी त्याच्याशेजारी वाळूत बसले. शेरीफचं म्हणणं साफ होतं, जो टोपीचं बोलेल तो आपला माणूस. आता टोपीचं कोण बोलेल याला काही धरबंध राहिला नव्हता. वेंडेलनं ती गोष्ट साठसत्तर माणसांना सांगितली होती. मी स्वतः आणखी किती ठिकाणी पिऊन सांगितली असेल, कुणाला ठाऊक. खरा माणूस उद्या समोर येऊन उभा राहिला तरी मला तो ओळखू येणार नव्हता. ते दार मीच माझ्या हातानं बंद केलं होतं.

त्याला ट्रकमध्ये चढवायला अर्धा तास लागला. पाय सरळ करताना तो दोनदा बेशुद्ध पडला. हॉस्पिटल चाळीस मैल. कच्च्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला तो किंचाळायचा आणि मी 'सॉरी' म्हणायचे, जणू खड्डेच काय ते माझी चूक. डांबरी रस्ता लागल्यावर तो जरा शांत झाला.

"बोलत राहा," तो म्हणाला. "नाहीतर माझी पुन्हा शुद्ध जाईल."

"काय बोलू?"

"काहीही. पत्त्यांचं सांगा."

मी सांगितलं. शुद्धीत, पहिल्यांदाच. दोन डाव लावले, दुसरा सुटला. स्टोव्हवर सूप होतं, हॉबर्टच्या वाटणीचं मी मुद्दाम शेजारच्या कुत्र्याला घातलं. शेजारीण येऊन गेल्यावर मी बाहेरचा दिवा मालवला, येऊ दे ठेचकाळत म्हणून. शेवटी बॅटरी घेऊन निघाले तेव्हा साडेदहा झाले होते. झाड सापडायला दहा मिनिटं पुरली. हात लावला तर अंग अजून कोमट होतं.

वेंडेलचं डोकं काचेला टेकलं होतं. मला वाटलं गेला. बघितलं तर डोळे उघडे होते.

"अर्ध्या मैलावर," एवढंच तो म्हणाला.

हॉस्पिटलच्या दारात त्याला स्ट्रेचरवर घेतलं. नर्सनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या बाहीवरच्या रक्ताकडे, आणि फोन उचलला. दहा मिनिटांत पोलीस आला. पंचविशीचा असेल, चेहऱ्यावर अजून मुरुमं होती.

"कुणी मारलं यांना?"

"मी. पाना ट्रकमध्ये आहे, सीटवर."

"तुमची ओळख होती?"

"नाही."

"त्यांनी तुमचं काही केलं होतं?"

"नाही."

त्यानं वहीतून मान वर केली. "मग का मारलंत, बाई?"

या प्रश्नाचं उत्तर मी पाच वर्षं तोंडपाठ करून ठेवलं होतं. दोन तासांचं होतं ते. ते आता माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लागू होईना.

"सापडला म्हणून," मी म्हणाले.