मनालीचं झाड

मनालीहून लोकांनी शाली आणल्या, आमच्या यांनी झाड आणलं. वीतभर उंचीचं, बर्फाच्या डोंगरावर वाढणारं. आता आमच्या गव्हाण गावात बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला. तो आणून हे दगडांमागे भरायचे. ओटीवर रचलेल्या त्या दगडांना रॉक गार्डन म्हणायचं, असं मला बजावलं होतं. शेजारी टेबलफॅन. वारा झाडाला, घाम मला.

अख्खं गाव हसायचं. "गोरखशेट, झाडाला स्वेटर घाला!"

"सदा हिरवं हाय ते," हे म्हणायचे. "फुलू दे, सगळ्यांना बोलावून दाखवीन." तीन वर्षं झाड हिरवंच राहिलं आणि फूल काही आलं नाही.

यंदा नेमक्या आमच्या प्रणितच्या हळदीला झाडाला कळ्या धरल्या. पोराचं लग्न सोडून हे कळ्या बघत बसले. मला भयंकर राग आला, खोटं कशाला बोलू.

आमच्यात हळदीच्या नवऱ्याला न्हाऊ घातलं की ते पाणी पायदळी जाऊ देत नाहीत, झाडाच्या मुळाशी ओततात. आमच्याकडे मागच्या माडाला ओततात. पण माझी मोठी नणंद, रमा वन्सं, बादली घेऊन थेट दगडांपाशी आल्या.

"माडाची झावळी सुकते," त्या यांना म्हणाल्या. "हे सदा हिरवं, तूच सांगतोस. पोराचा संसार पण तसाच राहील."

जास्तीच्या पाण्यानं ते झाड कुजतं, हे ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. नको म्हणावं तर पोराला अपशकुन. मी यांच्याकडे बघितलं. डोळे भरलेले. ते बघून माझा राग कुठल्या कुठे गेला.

"वन्सं," मी म्हटलं, "ते प्लास्टिकचं हाय."

बेंजोवालेसुद्धा थांबले.

"खरं का रं, गोरख?"

यांनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हाय," म्हणाले. "प्लास्टिकचंच हाय."

"मग पंखा कशाला?"

"धूळ बसते."

वन्सं बादली घेऊन माडाकडे गेल्या. मांडव हसून हसून लोळला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाड फुललं. नखाएवढी गुलाबी फुलं, पानं दिसेनात इतकी. आम्ही दोघं शेजारी बसून बघत राहिलो. यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

तेवढ्यात निरोप घ्यायला वन्सं आल्या. वाकून बघितलं.

"फुलं पण लावलीस? अगदी खरी वाटतात रं."



"हो ना," हे म्हणाले. "पनवेलला मिळतात."