नरम माल

"आप्पा, ह्या बटणाला हात लावलासा काय तुमी?"

रचना ओव्हनपुढं उभी होती. दोन्ही ट्रे कट्ट्यावर होते आणि त्यांत चोवीस बिस्किटं, काकवीच्या रंगाची. सुंठ, दालचिनी आणि लवंगेचा वास बेळगावजवळच्या पिरनवाडीच्या त्या गल्लीत चार घरं ओलांडून गेला होता.

"व्हय तर," मष्णूआप्पा म्हणाले. सुनेला मदत केल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. "तू धुणं वाळत घालायला वर गेलतीस. मशीन टिंग करून गप झालं. बघतोय तर समदी कच्ची, बोट लावलं तर बोट आत जातंय. म्हटलं, पोरीची आर्डर हाय, इज्जतीचा प्रश्न. आणिक पंदरा मिनिटं दिली." त्यांनी एक बिस्कीट उचलून कट्ट्यावर आपटलं. टक्क आवाज आला. "बघ. ह्याला म्हणत्यात बिस्कीट."

रचना स्टुलावर बसली. ती ओरडली नाही, तेच आप्पांना जास्त लागलं.

"आप्पा, ती मऊच पायजे हुती."

"मऊ?"

"मऊच. नाताळाची तसलीच असत्यात, वर क्रीम लावलेली. मधी कच्ची दिसत्यात तवाच भाईर काढायची, मग गार होताना बसत्यात. मीबी सांगून ठेवाय पायजे हुतं तुमास्नी."

"मऊ बिस्कीट कोण खातंय गं?" आप्पांनी अगदी मनापासून विचारलं.

त्यांचाही दोष म्हणता येणार नाही. अडतीस वर्षं त्यांनी कॅम्पातल्या एका बेकरीत भट्टीवर काढली होती. खारी, टोस्ट, बटर, नानकटाई. दिवाळीच्या आधी बायका घरचं पीठ, तूप, साखर घेऊन भट्टीवर यायच्या आणि "मष्णूकडंच द्या, दुसऱ्या कुणाकडं नको," असं मालकाला बजावून जायच्या. त्यांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत केस म्हणून नव्हता. थर्मामीटर त्यांनी कधी बघितला नाही. भट्टीत हात घालायचा आणि मोजायचं. बारापर्यंत हात टिकला तर टोस्ट, आठाला चटका बसला तर खारी. मालक बिस्कीट कानाजवळ धरून मोडायचा. आवाज आला तर माल, नाही आला तर 'नरम माल'. नरम माल दुकानातून डब्यासकट परत यायचा आणि ज्याच्या हातचा असेल त्याला सगळ्यांसमोर डबा उघडून दाखवला जायचा.

आप्पांच्या नावावर असा डबा एकदाच परत आला होता, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात. मालकानं तो त्यांच्याच डोक्यावर देऊन घरी पाठवला. बायको, बाळाबाई, आठ दिवस ती बिस्किटं खात होती आणि म्हणत होती, "मला असलीच आवडत्यात." बायकोनं आपली समजूत काढावी याची आप्पांना त्या डब्यापेक्षाही जास्त लाज वाटली होती. त्यानंतर त्यांनी एक बिस्कीट नरम जाऊ दिलं नाही. बेकरी बंद झाली, तीन वर्षांमागं बाळाबाई गेली, तोंडातले दात गेले, पण ती लाज काही गेली नाही. जित्याची खोड म्हणतात ती ही.

आणि आज करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

ऑर्डर सौम्या मॅडमची होती. शाळेतल्या टीचर लोकांना नाताळाचा डबा द्यायचा म्हणून चोवीस बिस्किटं, पाच वाजता न्यायला येणार. आजवर रचनाची बिस्किटं नातेवाइकांनीच खाल्ली होती, आणि फुकटचं खाणारा नावं ठेवत नाही. परक्या माणसाची ही पहिलीच ऑर्डर. "ही जमली न्हाईत तर ओव्हन खोक्यात घालून माळ्यावर टाकते, पुन्यांदा नाव काढत न्हाय," असं तिनं नवऱ्याला, साईराजला, सकाळीच सांगितलं होतं. उद्यमबागेतल्या कारखान्याला जाता जाता तो नुसता हसला होता.

रचना खमकी. तोंड धुतलं, पदर खोचला आणि पुन्हा मैदा चाळला. लोण्यात काकवी फेटली, सुंठ घातली, जायफळ किसलं. पीठ फ्रिजात गार केलं, गोळे वळले. दीड वाजता तिनं ओव्हनचं बटण फिरवलं. दिवा लागला आणि विझला. डोक्यावरचा पंखाही थांबला.

गल्लीच्या कोपऱ्यावर लाईनचं काम निघालं होतं. खांबावरचा माणूस वरूनच म्हणाला, "पाच-सा वाजत्यात, आक्का."

रचना घरात आली ती फोन हातात घेऊनच. "मॅडमना सांगते, जमलं न्हाय म्हणून," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "माझ्या हातालाच यश न्हाय, आप्पा."

"फोन ठिव," आप्पा म्हणाले. मघापासून ते कोपऱ्यात अपराध्यासारखे बसले होते. आता धोतराचा सोगा खोचून उठले. "करंट नव्हता तवा काय जग उपाशी हुतं? न्हाणीची चूल पेटव. आणि शेजारच्या बांधकामावरनं पाटीभर वाळू आण, चाळून."

न्हाणीच्या चुलीवर जर्मनचं मोठं पातेलं चढलं. तळात वाळू, वाळूवर लोखंडी कडं, झाकण म्हणून पालथं घमेलं आणि घमेल्यावर निखारे. आप्पा जाळ पुढं-मागं करत राहिले. एक लाकूड ओढून घेतलं, पुन्हा अर्धं आत सारलं. रचना शेजारी सहा-सहा गोळ्यांची ताटं घेऊन उभी होती.

"एकशे सत्तर डिग्री लागतंय, आप्पा. ते कसं कळायचं?"

"डिग्री मला कळत न्हाय. पर सकाळी तू ओव्हन तापत ठेवलीस तवा मी दार उघडून हात घालून बघितलतो. धाला चटका बसला." त्यांनी घमेलं उचलून पातेल्यात हात घातला. "एक, दोन, तीन..." नवावर हात बाहेर आला. त्यांनी एक निखारा चिमट्यानं काढून टाकला, थोडं थांबले, पुन्हा हात घातला. या वेळी बरोबर दहा. "हं. ठिव ताट."

रचना त्या हाताकडं बघत राहिली. आठ वर्षं या घरात नांदत होती. हा हात तिनं चहाची बशी धरताना बघितला होता, नातवंडांची दप्तरं उचलताना बघितला होता. त्या हाताला हे येत होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

अकरा मिनिटं झाली. आप्पांनी घमेलं उचललं. बिस्किटं फुगली होती, कडा बसल्या होत्या, मधे मात्र ओलसर चमक होती.

"काढा, आप्पा."

हात जागचा हलेना. "कच्ची हाईत गं."

"असू द्यात."

"अगं, ही परत येत्यात," आप्पा म्हणाले. समोर सून नव्हतीच. मालक होता, उघडा डबा होता आणि भोवती उभी असलेली माणसं होती.

रचनाला त्या डब्याचं काही ठाऊक नव्हतं. पण एवढं कळलं, की या माणसाला आपण फार अवघड काम सांगतोय. ती हळू आवाजात म्हणाली, "आली तर माझ्या नावावर येतील. तुमी काढा."

आप्पांनी डोळे मिटले आणि ताट काढलं.

चार घाणे निघाले. प्रत्येक घाण्याला हात घालून मोजणं, प्रत्येक घाण्याला तेच थांबणं, आणि काढताना तेच डोळे मिटणं. ताटं गार झाली. मग रचनानं दुधाच्या पिशवीचं टोक कापून त्यात क्रीम भरलं आणि एकेका बिस्किटावर पांढरी वेल काढत गेली. आप्पा भिंतीला टेकून बघत होते. चोवीस वेली काढल्या, एकदासुद्धा हात थरथरला नाही. "हात हाय पोरीला," ते स्वतःशीच म्हणाले.

पाचच्या ठोक्याला सौम्या मॅडम आल्या. त्यांनी डबा उघडला, वास घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"ह्याला धुराचा वास येतो ना?"

न्हाणीच्या दारात काजळी धूत उभे असलेले आप्पा तांब्या हातात धरून तसेच राहिले. रचनानं मान खाली घातली नाही. "येतोय, मॅडम. करंट गेलता. चुलीवर भाजल्यात. पसंत नसतील तर ठेवून जावा, काय बोलणार न्हाय मी."

मॅडमनी एक बिस्कीट बोटांनी दाबलं. ते दबलं आणि पुन्हा वर आलं. त्यांनी अर्धं तोडून तोंडात टाकलं, सावकाश चावलं. मग उरलेलं अर्धंही खाल्लं.

"भाळ छंद आग्यावरी," त्या म्हणाल्या. फार छान झाल्यात, हे कानडी बेळगावच्या माणसाला मराठी करून सांगावं लागत नाही. "चुलीवर एवढी मऊ? कुणी भाजली?"

"आमच्या आप्पांनी," रचनानं न्हाणीकडं हात केला. "अडतीस वर्षं भट्टीवर हुते."

मॅडमनी आप्पांना वाकून नमस्कार केला. आप्पांना काय करावं कळेना. त्यांनी ओल्या हातांनीच हात जोडले. मॅडमनी खाल्लेल्या बिस्किटाची भरपाई करायला रचना निघाली, तर त्या म्हणाल्या, "नको, तेवीसच न्हेते. माझा वाटा मी खाल्ला."

त्या गेल्यावर रचनानं चहा टाकला. सकाळच्या कडक बिस्किटांचा डबा आप्पांनी आपल्या खाटेखाली ठेवून घेतला होता, "च्यात बुडवून मी खातो, महिनाभर पुरत्यात," म्हणून. चहाबरोबर रचनानं बशीत वेगळंच बिस्कीट आणून ठेवलं. उरलेल्या पिठाच्या गोळ्याचं, शेवटच्या ताटात कडेला सातवं बसवलेलं, वाकडं झालेलं, क्रीम न लावलेलं.

आप्पांनी ते उचललं आणि सवयीनं कपाकडं नेलं. दात गेल्यापासून चहात बुडवल्याशिवाय त्यांनी बिस्कीट खाल्लं नव्हतं. कपाच्या काठाशी हात थांबला. त्यांनी ते तसंच, कोरडंच, तोंडात घातलं. हिरड्यांनी दाबलं तर ते सहज मोडलं. काकवी आली, मग सुंठ आली, आणि चुलीचा धूर.

दुसरा घास न घेता ते हातातल्या तुकड्याकडं बघत राहिले. रचना घाबरली. "कच्चं लागलं काय, आप्पा?"

"न्हाय गं." त्यांनी डोळे पुसले. "बाळाबाई खोटं बोलत नव्हती."

रचनाला काही उलगडलं नाही. ती शेजारी बसून राहिली. आप्पांनी उरलेलं बिस्कीट सावकाश, चवीनं, एकेक घास करून खाल्लं. कपातल्या चहावर साय धरली होती.