अर्थिंगचा खड्डा

"हा खड्डा सुकला, तर खटका मेला म्हणून समज," रतिलालनं बायकोला, सरलाला, सांगितलं होतं. तिनं नुसतं "बरं" म्हटलं आणि विचारलं, "मग पाणी कोण टाकणार?"

"रमिला टाकेल. ती तशीही सकाळी नदीवर येते."

त्या दिवसापासून खड्डा सरलाच्या डोक्यातून गेला, राहिली ती रमिला.

पासष्ट सालच्या त्या उन्हाळ्यात कोरीटच्या खाली, तापीच्या पात्रात रतिलालची बोट उभी होती. पाणी चढो की उतरो, बोट त्याच्याबरोबर वरखाली होते, म्हणून केळीला पाणी देणारी विजेची मोटर त्यानं बोटीवरच बसवली होती. शिवाय दोन प्लग, एक दिव्यासाठी आणि एक बोटीत झिरपलेलं पाणी उपसणाऱ्या छोट्या पंपासाठी. ओल्या फळ्या, त्यावर माणसांचे अनवाणी पाय. म्हणून सुरतेहून त्यानं एक खटका आणला. वीज भलतीकडे गळू लागली की तो आपोआप पडायचा आणि प्रवाह तोडायचा. त्याची तार काठावरच्या खड्ड्यात उतरली होती, कोळसा आणि मीठ घालून पुरलेल्या तांब्याच्या पत्र्यापर्यंत. पत्र्याभोवतीची माती ओली असली तरच खटक्याला जाग.

सरला धुळ्याच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली. हे सगळं तिला एका वाक्यात कळलं असतं, पण रतिलालनं तिला ते काम सांगितलंच नाही. मांडीवर सात महिन्यांचा मुलगा, त्यात घरची सून. सुनेनं भरल्या काठावर हंडा घेऊन कसं जायचं? रमिला गावची लेक, नवऱ्याचं घर सोडून भाऊ चुनीलालकडे राहिलेली. तिच्या डोक्यावर पदर असला काय, नसला काय.

एकदा दुपारच्या भाकरी घेऊन सरला स्वतःच गेली. बाळ कडेवर. लांबूनच दिसलं, रमिला खड्ड्यात हंडा रिकामा करतेय आणि रतिलाल बोटीत वाकून खटक्याचं तपासणीचं बटण दाबतोय. खट्ट.

"खटका पडना का?" रमिलानं काठावरून विचारलं.

"पडना वं, पडना. तुन्हा पाणीले गुण शे."

"मंग मन्हा पगार काढ."

दोघं हसली. सरलाशी रतिलाल पुस्तकातलं मराठी बोलायचा, जपून, परीक्षा दिल्यासारखा. हे हसू गावच्या बोलीतलं होतं. घरात ते कधी आलं नव्हतं.

"भाभी, आज इकडे कशी उनी?" म्हणत रमिलानं बाळाला घ्यायला हात पुढे केले.

"ओले आहेत हात तुमचे," सरला म्हणाली आणि बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं.

रतिलाल मोटरचा पट्टा आणायला सुरतेला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर चुनीलालची बायको जसोदाबाई भेटली. सरलानं दोर ओढता ओढता सहज म्हटलं, "तुमची नणंद आमच्या बोटीवर फार रमते हं. बरं आहे, मन रमलं म्हणजे."

जसोदाबाईनं कळशी खाली ठेवली. "कोन म्हने?"

"कुणी नाही. मी आपलं म्हटलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी चुनीलालची बैलगाडी धानोऱ्याच्या वाटेला लागली. गाडीत सासरी धाडलेली रमिला आणि तिची पत्र्याची पेटी. सरलानं ओट्यावरून पाहिलं. त्या दिवशी तिनं बाळाला न्हाऊ घालताना गाणं म्हटलं, सासूबाईंना शिरा करून घातला. खड्ड्याची आठवण तिला एकदाही झाली नाही.

रतिलाल परतला तो परस्पर बोटीवर गेला. सरला भाकरी घेऊन निघाली, या वेळी मनात कसलीच धुकधुक नव्हती. काठावर आली आणि पाय थबकला. खड्ड्याची माती तडकली होती, कडेला मिठाची पांढरी खपली. खाली बोटीत रतिलाल घोट्याइतक्या पाण्यात उभा, हातात छोट्या पंपाचा प्लग.

"अहो, थांबा. आधी बटण दाबा."

त्यानं वर पाहिलं. तिच्या आवाजात काहीतरी होतं. त्यानं प्लग खाली ठेवला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. खटका जागच्या जागी.

तो हळूच पाण्यातून बाहेर निघून कोरड्या फळीवर बसला.

"रमिला कुठे आहे?"

"धानोऱ्याला. चुनीलालभाऊंनी पोचवली."

"कशाला? ती तर परत जायचं नाही म्हणत होती."

सरलानं बाळाला वाळूत बसवलं, भाकरीचं फडकं सोडून टोपलं मोकळं केलं, मग ध्यानात आलं की टोपल्यात पाणी राहत नाही. बोटीतली बादली घेतली. दोन खेपा, तीन, चार. माती पाणी पीत राहिली. रतिलाल बघत होता, उठला नाही.

"दाबा आता."

खट्ट.

ती वाट पाहत उभी राहिली. तो "पडला" म्हणाला नाही.

आता खड्ड्याला पाणी सरलाच टाकते. सासूबाई कुरकुरल्या, रतिलालच म्हणाला, टाकू दे. तो बटण दाबतो, खटका पडतो, तो कामाला लागतो. तिला हवी होती ती जागा मिळाली. तिथे हसू तेवढं नाही.

धानोऱ्याकडे कुणी जाणार असाल तर सरलाचं एक काम आहे. तिथे रमिलाच्या नवऱ्याचं, रूपचंदचं, घर विचारा, प्यायला पाणी मागा. पाणी घेऊन येईल ती रमिला. मागे ती माहेरी आली तेव्हा तिच्या दंडावर तापल्या चिमट्याचे डाग होते, हे सरलाला जसोदाबाईनं फार उशिरा सांगितलं. तेव्हा तांब्या घेताना तिचे हात नीट बघा, ती नीट जेवते का ते बघा. कुणी पाठवलं ते सांगू नका. आणि तिनं रतिलालचं नाव काढलं, तर तेही सरलाला येऊन सांगा.