गजराने विचारलं नाही

माझी थोरली जाऊ गजरा मला कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारी सख्यापोटी जावेचं कौतुक करतेय. कसलं सख्य अन् कसलं काय! मी भाजीत मीठ टाकलं की ही चाखून बघणार, मी ओसरी सारवली की ही पुन्हा सारवणार. एका चुलीवर जन्मभर भांडलो आम्ही. पण त्या दिवशी ती जशी वागली, तसं वागणारं माणूस मी अख्ख्या गोमाईकाठी दुसरं पाहिलं नाही. पाटील पाहिले, फौजदार पाहिले, टोपीवाले पुढारी पाहिले. नाही म्हणजे नाही.

मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. गजराला मुलींच्या पाठीवर मुलगा झालेला, नवल. पाचेक वर्षांचा, गोरागोमटा, आणि आगाऊ तर इतका की मांजरीलासुद्धा जेवू द्यायचा नाही. भुईमूग काढणीच्या दिवसांत त्याला ताप भरला. शहाद्याच्या दवाखान्यातून लाल औषधाची बाटली आणली, ती संपली, ताप होता तसाच. पोर डोळे उघडेना. मग सासूबाईंनी रेवजी भगताला बोलावणं धाडलं.

रेवजीने सुपात ज्वारीचे दाणे टाकले, बोटाने इकडे तिकडे सरकवले, बराच वेळ पुटपुटला आणि म्हणाला, "पोऱ्याले डाकीन लागेल शे. तुमना वावरमा येस ती." झालं! आमच्या वावरात भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतल्या, बाया भुईमूग उपटायला येत. त्यांतल्या रूपीबाईचा नवलवर फार जीव. विधवा बाई, पोरबाळ नाही, मागेपुढे कुणी नाही. ताप यायच्या आदल्या दिवशी तिने त्याला भाजलेल्या शेंगा दिलेल्या, आणि ते सगळ्यांनी पाहिलेलं. गावाला आणखी काय हवं होतं?

तुम्ही म्हणाल, तुम्ही असलं मानत होता का? मानत होतो. सगळेच मानायचे, आणि गजरा सगळ्यांपेक्षा जास्त. नवलच्या गळ्यातला ताईत, कमरेचा काळा दोरा, उशाखालचा विळा, सगळं तिनेच केलेलं. रेवजी दारात आला तेव्हा आधी पाया कोण पडलं? गजराच.

रेवजीची रीत अशी होती. डाकिणीला चिंचेच्या झाडाला बांधायचं, तोंडाखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवून त्यात लाल मिरच्या टाकायच्या, वरून घोंगडी पांघरायची. ती कबूल होईतो हेच. पण नुसतं कबूल होऊन भागत नसे. पोराच्या आईने समोर उभं राहून, पदर पसरून विचारायचं, "मन्हा पोऱ्या देस का?" डाकीण "दिसु", म्हणजे देईन, म्हणाली की पोर उठून बसतं, असं तो सांगायचा. विचारायचं मात्र आईनेच. बापाने विचारलेलं चालायचं नाही, आजीने विचारलेलं चालायचं नाही.

माझा नवरा पितांबर आणि आणखी दोघे जाऊन रूपीला वावरातून घेऊन आले. तिच्या हातांना अजून माती होती. काय झालंय ते तिला चिंचेखाली येईतो कळलंच नाही. वाटेत ती पितांबरला विचारत होती म्हणे, नवलचा ताप उतरला का.

गजरा आत पोराला मांडीवर घेऊन बसलेली. मी तिच्याजवळ. बाहेर आधी आरडाओरडा झाला, मग आरडाओरडा थांबला आणि खोकला सुरू झाला. बाई गं, तो खोकला! मिरची फोडणीत जळली तरी आपण घर सोडून अंगणात पळतो. तिला पळायला कुठे होतं? गजराने नवलच्या कानांवर हात ठेवले. जरा वेळाने सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "गजरा, चल. कबूल व्हयनी ती. पदर पसर अन् इचार."

गजराने नवलला माझ्या मांडीवर दिलं आणि उठली. मला राहवलं नाही, मीही पोराला खांद्यावर घेऊन मागोमाग गेले. अख्खं गाव जमलेलं. पितांबरने घोंगडी काढली. रूपीचे डोळे सुजून मिटले होते, नाकातोंडातून पाणी वाहत होतं. पावलांची चाहूल लागली तशी तीच बोलायला लागली, "दिसु माय, दिसु! तुन्हा पोऱ्या दिसु! इचार माय, लवकर इचार!"

"आइकं का?" रेवजी ओरडला. "सोताना तोंडे बोली ऱ्हायनी!"

मी गजराकडे पाहिलं. पदर दोन्ही हातांत धरलेला, नुसता पसरायचा बाकी. देवाशप्पथ सांगते, तिच्या जागी मी असते तर केव्हाच विचारलं असतं, आणि तुम्हीही विचारलं असतं. माझ्या खांद्यावर पोर तव्यासारखं तापलेलं होतं.

गजराने पदर सोडून दिला. पायाने घमेलं उलथवलं. निखारे मातीत विखुरले, लोक मागे सरले. सासऱ्या-दिरांसमोर जिचं कपाळ कधी दिसलं नाही, ती डोक्यावरचा पदर पडलेला तशी उभी राहिली आणि म्हणाली, "सोडा तिले."

"वहिनी, पोऱ्या जाई ना!" पितांबर रडकुंडीला आला होता. वाईट नव्हता हो माझा नवरा. पुतण्यासाठी जीव तुटत होता त्याचा. "एक सबद इचारना शे. एकच सबद!"

"मी नही इचारस."

"तिनीच पोऱ्याले खादं व्हई तरी?" रेवजी म्हणाला.

"तिनीच खादं व्हई तरी. तिना डोयानं पानी पिईसन मन्हा पोऱ्या जगाले नको."

तेव्हा तिचा नवरा, माझे जेठ सुपडूभाऊ, हात उगारून पुढे आले. ही हलली नाही. म्हणाली, "मारा. तरी नही इचारस." त्यांचा हात तसाच वर राहिला, मग खाली आला आणि ते चिंचेखालीच मटकन बसले. दोर गजरानेच सोडला. रूपीला हाताला धरून आमच्या अंगणात आणलं, नवलसाठी काढून ठेवलेल्या दुधाने तिचे डोळे धुतले, आणि गोठ्यात गवतावर निजवलं. गोठ्याच्या दारात मुसळ आडवं टाकून आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "इकडे कोन्ही येवानं नही." कुणी गेलं नाही. मुसळाला भिऊन नव्हे, तिच्या तोंडाकडे पाहून गेलं नाही.

दोन-तीन दिवसांनी नवल गेला.

पुढचं काय सांगू? सासूबाई मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. "तू मारं मन्हा नातूले," हे रोज सकाळी. सुपडूभाऊ वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. पाणवठ्यावर बाया तिला पाहून कळश्या उचलायच्या. माझी ही भांडखोर जाऊ, मिठावरून आकाशपाताळ एक करणारी, कुणाला एका शब्दाने उलटून बोलली नाही. आणि मी? मी गावभर तिच्या बाजूने भांडत फिरले. घरात तिच्याशी, बाहेर तिच्यासाठी!

बऱ्याच वर्षांनी, दोघींचे केस पांढरे झाल्यावर, एका दुपारी ओसरीवर तूर पाखडत बसलो होतो. तोवर मी शहाणी झाले होते. शिकलेल्या नातवंडांकडून ऐकलं होतं की डाकीणबिकीण सगळं थोतांड, तो ताप टायफॉइडचा असणार. मला वाटलं, हिला सांगावं, हिचा जीव हलका होईल. म्हटलं, "बाई, रूपीमा काहीच नव्हतं. तू इचारतीस तरी नवल जाताच."

तिने सूप खाली ठेवलं.

"तू काहीबी सांग, धाकली. माले आजबी वाटस, मी इचारतु ते नवल वाची जाता."

विचारलं असतं तर पोर वाचलं असतं? इतकी वर्षं ही हे उरात घेऊन जगली? "मंग? मंग कसाले नही इचारं?"

"मी पोऱ्यानी माय व्हतु," गजरा म्हणाली, "म्हनीसन माले सम्दं माफ शे का?"