खचदरीतून गट पर्वताकडे

माझी आई चिंचवडच्या एका शाळेत नववीला भूगोल शिकवायची. गट पर्वताचा धडा आला की ती खडूच्या तीन पेट्या दोन तळव्यांत दाबून हवेत धरायची आणि मग हात जरासे सैल करायची. मधली पेटी खाली घसरायची. ही ऱ्हाइनची खचदरी, ती सांगायची, आणि या वर राहिलेल्या दोन म्हणजे एकीकडे व्हॉज, दुसरीकडे ब्लॅक फॉरेस्ट. ती निवृत्त झाली तोपर्यंत तिनं दोन्हीपैकी काहीच पाहिलं नव्हतं.

जूनमध्ये आई-बाबा माझ्याकडे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला आले. मी इथे रसायनशास्त्रात मास्टर्स करून नुकतीच नोकरीला लागले आहे. पहिल्याच सकाळी आई बाल्कनीत चहा घेऊन उभी राहिली. समोर कारखान्याच्या चिमण्या, आणि त्यांच्यामागे दूर डोंगरांची एक निळसर रेघ. तिनं नकाशा आठवला असावा. "म्हणजे ऋचा, तू चक्क खचदरीत राहतेस," ती म्हणाली.

तिची मागणी एकच होती. परत जाण्याआधी एक रात्र गट पर्वतावर झोपायचं. हॉटेलात नाही, तंबूत. जवळ तळं हवं, आणि ते हिमनदीनं कोरलेलं असेल तर उत्तम. तिला पाइनच्या जंगलात कुठेही तंबू ठोकायचा होता. जर्मनीत असं चालत नाही, हे मी तिला समजावलं आणि कॅम्पिंगप्लात्झ, म्हणजे तंबूंसाठी राखलेली जागा, शोधायला बसले. ब्लॅक फॉरेस्टमध्ये तळ्याकाठी एक सापडला: नदीपलीकडच्या मानहाइमहून फ्रायबुर्ग, तिथून डोंगर चढणारी छोटी गाडी, मग बस. तंबू आणि झोपण्याच्या पिशव्या कार्ल्सरूहला पीएचडी करणाऱ्या माझ्या मित्रानं, वेदांगनं दिल्या. तंबूच्या एका काठीला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती चिकटपट्टीच तंबूचा सर्वांत भक्कम भाग आहे, असं त्यानं मला बजावलं.

अडचण बाबांची होती. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले आहेत, आणि कुठल्याही यंत्रणेतला दोष शोधणं हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. पहिल्या दिवशी त्यांनी लांडग्यांची शंका काढली. मी आकडेवारी वाचून दाखवली. मग पाऊस निघाला, मग गोचीड, मग रात्रीची थंडी, मग कंबर. मी झोपण्याच्या पिशव्या दाखवल्या, गोचीड काढायची चपटी कार्डं आणली, हवा भरायची जाड गादी मागवली. एक शंका मिटली की दुसरी तयार असायची, आणि पहिलीशी तिचा काहीही संबंध नसायचा. प्रयोगशाळेत असं झालं की आम्ही समजतो, आपण मोजतोय ते भलतंच काहीतरी आहे.

खरं काय ते आईनं भाजी चिरताना सांगितलं. बाबा घोरतात, हे मला ठाऊक होतं. पण एकदा रेल्वेच्या डब्यात दोन अनोळखी माणसांनी त्यांना हलवून जागं केलं होतं आणि बाकीचे हसले होते, हे ठाऊक नव्हतं. तेव्हापासून ते प्रवासात झोपतच नाहीत. इथे आल्यावर त्यांनी जिन्यातली नियमांची पाटी मोबाइलवर भाषांतर करून वाचली होती. रात्री दहानंतर शांतता, दुपारी एक ते तीन शांतता. त्या दिवसापासून ते खिडकी बंद करून, कुशीवर, पाठीमागे टॉवेलची गुंडाळी ठेवून झोपत होते. उताणं वळलं की टॉवेल टोचतो आणि जाग येते.

"तंबूला कापडाची भिंत," आई म्हणाली. "त्यांना वाटतं, तुझी मान खाली जाईल."

मी वाद घातला नाही. शनिवारी इमारतीमागच्या हिरवळीवर तंबू लावून बघायचं ठरवलं. काठ्या तपासायच्याच होत्या. बाबा काठी धरायला खाली आले. चिकटपट्टीचं त्यांनी बारकाईनं निरीक्षण केलं आणि ती उलटी गुंडाळली आहे असं जाहीर केलं. आईनं डबा खाली आणला, आम्ही गवतावर बसून वरणभात खाल्ला, आणि मग बाबा फक्त गादी कमरेला कशी वाटते ते बघायला आत गेले. तिथे टॉवेल नव्हता. थोड्याच वेळात तंबूचं कापड श्वासागणिक थरथरू लागलं.

मी मोबाइलवर आवाज मोजला. तंबूला लागून साठ डेसिबल, म्हणजे दोन माणसांच्या गप्पांइतका. कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी तो चाळीसच्या खाली आला. मला फार आनंद झाला. त्या आनंदात मी उरलेल्या खुंट्या ठोकायला घेतल्या. तिसऱ्या खुंटीला फ्राउ केलर समोर येऊन उभ्या राहिल्या.

तळमजल्यावरच्या या बाई नियमांच्या पक्क्या आहेत. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, माझ्या हातोड्याकडे पाहिलं आणि मग घड्याळाकडे. दुपारचे दोन वाजले होते. मी तंबूकडे बघत बाबांच्या घोरण्याची माफी मागितली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्या झोपलेल्या गृहस्थांची काय चूक, त्यांनी विचारलं. या अंगणात शांततेचा नियम पाळणारे ते एकटेच आहेत.

पण बाबा तेवढ्यात जागे झाले होते. तंबूच्या फटीतून त्यांना फक्त ओठांवरचं बोट दिसलं. ते बाहेर आले, फ्राउ केलरना हात जोडून सॉरी म्हणाले आणि वर निघून गेले.

ती तक्रार हातोड्याची होती, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. आकडेही दाखवले. ते म्हणाले, माझी समजूत घालू नकोस. तुम्ही दोघी जा, मी इथे राहतो, माझं काही अडत नाही.

आई इतका वेळ झोपायच्या पिशव्यांच्या घड्या घालत होती. ती थांबली.

"अहो, मी नाही जाणार," ती म्हणाली. "मला तुमच्या आवाजाशिवाय झोप येत नाही. तुम्ही ट्रेनिंगला नागपूरला गेला होतात तेव्हा मी महिनाभर मिक्सर लावून बघायची, येतेय का झोप."

"मिक्सर?"

"रिकामा. शेजारचे विचारायचे, वहिनी, रोज कसलं वाटण."

बाबांना हसू आलं, पण त्यांनी ते लपवलं. आई परत घड्या घालायला लागली, आता प्रवासासाठी नाही, तर पिशव्या वेदांगला परत द्यायच्या असल्यासारख्या. ते पाहून मी फोन उचलला. इतके दिवस मी बाबांच्या शंकांची उत्तरं शोधत होते. खरा प्रश्न ज्यांना विचारायला हवा होता, त्यांना विचारलाच नव्हता.

कॅम्पिंगप्लात्झच्या बाईंना मी सरळ सांगितलं की माझे वडील घोरतात, आणि विचारलं, असं कुणी आलं तर तुम्ही काय करता. आल्झो, म्हणजे बरं तर, त्या म्हणाल्या, किती मोठ्यानं? मी फोन स्पीकरवर टाकला आणि इंग्रजीत बोलाल का, असं विचारलं. मी साठ डेसिबल म्हणायला तोंड उघडलं, पण बाबा माझ्याआधी फोनवर वाकले.

"व्हेरी लाउड, मॅडम," ते म्हणाले. वीज मंडळात बिघाड कळवावा तशा आवाजात.

बाई मोकळेपणी हसल्या. माझा नवराही, त्या म्हणाल्या. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी आम्ही ओढ्याकाठची रांग ठेवली आहे. ओढा दगडांवरून तळ्यात उतरतो, त्याच्या आवाजात सगळे बुडून जातात. सध्या तिथे एक डच आजोबा आहेत, तुम्ही त्यांच्याशी स्पर्धा करू शकता. त्या रांगेत तुमच्या तारखेला एकच जागा उरली आहे. ठेवू का?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. ओढ्याचा प्रवाह बारा महिने असतो का, हे त्यांनी विचारून घेतलं. गेनाऊ, अगदी बरोबर, बारा महिने, बाई म्हणाल्या. मग बाबांनी मला मान डोलावून सांगितलं की घे.

आईला दुसरंच विचारायचं होतं. तिनं मला विचारायला लावलं, की तळं हिमनदीचं आहे ना? बाईंना खात्री नव्हती, पण पाणी तेवढंच गार आहे असं त्या म्हणाल्या.

संध्याकाळी बाबांनी सामान भरायचं काम ताब्यात घेतलं. पाठीवरच्या पिशवीतून त्यांनी स्वतःचा तो जाडा टॉवेल काढला आणि बाजूला ठेवला. याची आता गरज नाही, तेवढंच वजन कमी, असं म्हणाले.

आईनं तो उचलून परत आत कोंबला.

"राहू दे. हिमनदीच्या पाण्यात पाय घालणार आहात ना, मग पुसाल कशानं?"